क्लस्टर बॉम्बबंदी आणि वर्धा जिल्हा

क्लस्टर बॉम्ब हे हवेत उघडून आपल्या पोटातील डझनावारी किंवा शेकडो उपबॉम्ब मोठ्या क्षेत्रावर विखुरणारे अस्त्र. ते विमानातून टाकतात किंवा तोफ-रॉकेटने डागतात. त्याचे उत्पादन, साठा, हस्तांतरण व वापर थांबवण्याची मागणी म्हणजे क्लस्टर बॉम्बबंदी.

हानीचे स्वरूप : बरेच उपबॉम्ब पडल्यावर फुटत नाहीत. ते शेतात, कुरणात, घराच्या आवारात वर्षानुवर्षे पडून राहतात आणि शेतकरी, गुराखी, भंगार वेचणारे व मुले यांचे जीव घेतात. लाओसवर 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने 27 कोटींहून अधिक उपबॉम्ब टाकले. त्यांतील सुमारे 8 कोटी फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. 2006 च्या इस्रायल-हिजबुल्ला युद्धानंतर दक्षिण लेबनॉनमधील शेते व बागाही अशाच धोकादायक बनल्या.

करार : नॉर्वेच्या पुढाकाराने व नागरी संघटनांच्या रेट्यामुळे 30 मे 2008 रोजी डब्लिन येथे बंदीचा करार संमत झाला. त्यावर 3 डिसेंबर 2008 पासून ऑस्लो येथे सह्या सुरू झाल्या आणि 1 ऑगस्ट 2010 रोजी तो अमलात आला. साठा 8 वर्षांत नष्ट करणे, दूषित जमीन 10 वर्षांत साफ करणे (दोन्ही मुदती वाढवता येतात) आणि बळींना व त्यांच्या कुटुंबांना साहाय्य देणे ही सदस्य देशांची बंधने आहेत. 2025 मध्ये लिथुआनिया करारातून बाहेर पडला. भारत, अमेरिका, रशिया, चीन व पाकिस्तान यांनी त्यावर सही केलेली नाही. मात्र विशिष्ट पारंपरिक शस्त्रांविषयीच्या वेगळ्या कराराचा, युद्धानंतर उरणाऱ्या स्फोटकांविषयीचा पाचवा प्रोटोकॉल भारताने स्वीकारला आहे.

वर्धा जिल्हा : देवळी तालुक्यातील पुलगाव येथे लष्कराच्या देशातील सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे. 31 मे 2016 च्या मध्यरात्रीनंतर तेथे आग लागून मोठा स्फोट झाला. त्यात अधिकारी व अग्निशमन कर्मचाऱ्यांसह 19 जणांचा मृत्यू झाला आणि आसपासची गावे रातोरात रिकामी करावी लागली. 20 नोव्हेंबर 2018 रोजी पुलगावजवळच्या सोनेगाव शिवारातील मैदानावर नष्ट करण्यासाठी आणलेला जुना दारूगोळा उतरवताना स्फोट झाला. त्यात 6 जण ठार झाले, बहुतेक परिसरातील मजूर होते. स्फोटांनंतर उरणारे धातूचे भंगार वेचण्यासाठी गावकरी या मैदानावर जात, हेही तेव्हा पुढे आले. या दुर्घटना क्लस्टर बॉम्बच्या नव्हत्या. तरीही पोटासाठी स्फोटकांजवळ जावे लागणाऱ्या माणसाचा धोका लाओसप्रमाणेच येथेही खरा आहे.

याच जिल्ह्याला अहिंसेचाही वारसा आहे : येथील सेवाग्राम हे 1936 पासून महात्मा गांधींचे वास्तव्यस्थान होते. जागतिक शांतिवादी परिषदेची बैठक डिसेंबर 1949 मध्ये शांतिनिकेतनबरोबर सेवाग्राम येथेही भरली.

मूल्यमापन : हे अस्त्र लष्करीदृष्ट्या उपयुक्त आहे, असा त्याच्या समर्थकांचा युक्तिवाद असतो. पण न फुटलेला उपबॉम्ब सैनिक व गुराखी यांत फरक करू शकत नाही आणि त्याचा ताबा कोणत्याही सेनापतीकडे उरत नाही. म्हणून भारताने करारावर सही करावी, साठा असल्यास तो जाहीर करून नष्ट करावा आणि दारूगोळा हाताळणाऱ्या कंत्राटी मजुरांना पूर्ण संरक्षण व भरपाई द्यावी. सेवाग्राम आणि पुलगाव या दोन्ही नावांच्या जिल्ह्यातून ही मागणी सर्वांत आधी उठायला हवी.