सौंदर्य-प्रभावक
समाजमाध्यमांवर प्रसाधने वापरून दाखवणारी व त्यांची शिफारस करणारी व्यक्ती. मिशेल फान यांनी २००७ मध्ये यूट्यूबवर मेकअप शिकवायला सुरुवात केली. दुबईच्या हुडा कट्टन यांनी ब्लॉगच्या लोकप्रियतेवर २०१३ मध्ये कृत्रिम पापण्या विकायला काढल्या. त्यातून ‘हुडा ब्यूटी’ ही कंपनी उभी राहिली. ग्राहकाचा फायदा खरा आहे: सावळ्या त्वचेवर लिपस्टिकची छटा कशी दिसेल, हे जाहिरातीतल्या गोऱ्या चेहऱ्यावरून कळत नसे. खोट आहे ती शिफारशीसाठी घेतलेला मोबदला लपवण्यात. शिवाय फिल्टर लावलेल्या चेहऱ्यावर फाउंडेशनची पारख होणार कशी? मोबदला घेऊन केलेल्या मजकुरावर जाहिरातीची ठळक खूण हवी, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये ठरवले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या शिफारशीबद्दल १० लाख, पुन्हा घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.