कोशीच्या वर्गातील शिट्ट्या

एप्रिल १८२१. पॅरिसच्या एकोल पोलितेक्निकमध्ये एका व्याख्यानाची ठरलेली वेळ उलटून गेली, तरी प्राध्यापक थांबेनात. अखेर विद्यार्थ्यांनी शिट्ट्या वाजवल्या; काही जण उठून चालते झाले. प्राध्यापकाचे नाव ओग्युस्तँ-लुई कोशी, वय ३१, विषय कलनशास्त्र. आज महाविद्यालयात कलनशास्त्राचा आरंभ ‘सीमा’ या प्रकरणाने होतो. त्या शिरस्त्याचे मूळ बऱ्याच अंशी या वर्गात सापडते.

१७९४ मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत ही संस्था स्थापन झाली. येथे दोन वर्षे गणित आणि विज्ञान शिकून विद्यार्थी पूल-रस्ते, खाणी किंवा तोफखान्याच्या विशेष शाळांत जात. कोशी स्वतः याच संस्थेचा विद्यार्थी. शेर्बुर्गच्या बंदरात त्याने अभियंता म्हणून कामही केले होते. तेव्हा अभियंत्याची गरज त्याला ठाऊक नव्हती, असे म्हणता येत नाही.

राजकारणही होतेच. १८१६ मध्ये पुन्हा गादीवर आलेल्या बूर्बाँ राजवटीने विज्ञान अकादमीतून गास्पार माँजला काढले आणि नव्या नेमणुकांत कोशीला घेतले. माँज हा या संस्थेचा एक संस्थापक, तर कोशी कट्टर राजनिष्ठ. त्या शिट्ट्यांत केवळ गणिताचा कंटाळा होता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

पण तो शिकवत तरी काय होता?

अठराव्या शतकातील कलनशास्त्र उत्तरे अचूक देई, मात्र त्याचा पाया डळमळीत होता. एक उणे एक, अधिक एक, उणे एक, अशी न संपणारी बेरीज केली तर उत्तर काय? लायब्निझ आणि ऑयलर यांच्यासारख्यांनीही ‘अर्धा’ हे उत्तर मान्य केले होते. याच संस्थेत शिकवणाऱ्या लाग्रांजने १७९७ च्या ग्रंथात सारे अवकलन अनंत श्रेणींवर उभारले. प्रत्येक फलनाची अशी श्रेणी मांडता येते, हे त्याचे गृहीतक.

कोशीने हे गृहीतकच मोडले. ‘ई’ या संख्येवर क्ष-वर्गाच्या व्यस्ताचा ऋण घातांक चढवा आणि शून्यापाशी फलनाची किंमत शून्य धरा. तेथे या फलनाचे सर्व अवकलज शून्य येतात. म्हणजे श्रेणीच्या हिशेबाने फलन सर्वत्र शून्य असायला हवे. प्रत्यक्षात ते एका बिंदूखेरीज कोठेही शून्य नाही!

म्हणून १८२१ च्या ‘कूर दानालीझ’ या पाठ्यग्रंथात त्याने आधी सीमा, सांतत्य आणि श्रेणींचे अभिसरण यांचा विचार केला. जी श्रेणी अभिसारी नाही, तिला बेरीजच नाही, असे त्याने ठामपणे सांगितले. १८२३ च्या व्याख्यानसारांशात अवकलज आणि निश्चित संकलन या दोहोंची व्याख्या सीमेच्या आधारे आली.

संस्थेच्या चालकांना मात्र हे पटले नाही. पूल बांधणाऱ्यांना इतकी सूक्ष्म सिद्धता कशाला, ही त्यांची तक्रार. ती अगदीच गैर नव्हती. अभ्यासक्रमाचे तास मोजके होते आणि कोशी ते सर्रास ओलांडत असे. अखेर पूर्ण काटेकोर सिद्धता देण्याचा आग्रह यापुढे धरणार नाही, असे त्याला परिषदेपुढे कबूल करावे लागले. ‘कूर दानालीझ’चा दुसरा भाग कधी निघालाच नाही.

आणि ज्या काटेकोरपणासाठी हा सारा कलह झाला, त्याच ग्रंथात एक चूक राहिली होती. सतत फलनांच्या अभिसारी श्रेणीची बेरीजही सततच असते, असे कोशीने ‘सिद्ध’ केले होते. १८२६ मध्ये नील्स हेन्रिक आबेल या तरुण नॉर्वेजियन गणितज्ञाने, ग्रंथाविषयी पूर्ण आदर राखून, त्याला अपवाद दाखवला: ज्या-फलनांची एक साधी श्रेणी. कोशीने दुरुस्ती प्रसिद्ध केली ती १८५३ मध्ये. आबेल १८२९ मध्येच, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी, क्षयाने गेला होता.