अँटिफ्रीझ नावाचा घोळ: गोसीखुर्दची पद्मिनी आणि लाल पाणी

पवनी तालुक्यातून, गोसीखुर्द धरणाच्या बाजूच्या एका गावातून, एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. घरी आजोबांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत कोऱ्या चहासारखं लाल पाणी. एक मेकॅनिक म्हणतो इंजिन गेलं, भंगारात द्या. दुसरा म्हणतो हळद टाका आणि चालवा. "दादा, खरं काय?"

खरं काय ते सांगतो, पण आधी थोडं मागं जाऊ. त्या लाल पाण्यामागे सव्वाशे वर्षांची गोष्ट आहे. आणि त्यात एका चुकीच्या नावाचाही हात आहे.

कार्ल बेंझने १८८६ मध्ये ज्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं, तिला आजच्यासारखा रेडिएटर नव्हताच. इंजिनाभोवती पाणी, ते उकळायचं, वाफ उडून जायची, आपण परत पाणी ओतायचं. बस्स. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्झहाइमला निघाली, शंभरेक किलोमीटर. या प्रवासातली औषधाच्या दुकानातून इंधन घेतल्याची गोष्ट सगळे सांगतात. पण इंधनापेक्षा जास्त वेळा ती थांबली असणार पाण्यासाठी. म्हणजे गाडीत विहिरीचं पाणी ओतायची सवय गाडीइतकीच जुनी आहे.

पुढे १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. आठ हजारांहून जास्त बारीक नळ्या आणि त्यांतून जाणारा वारा. आता थोडंच पाणी पुन्हापुन्हा फिरवता येऊ लागलं. शोध भारी होता, पण तेच पाणी वर्षानुवर्षं बिडाच्या इंजिनात फिरू लागलं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. लोखंड, पाणी आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन एकत्र आले की गंज. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, पापुद्रे सुटतात, आणि ते जाऊन बसतात नेमके त्या बारीक नळ्यांत.

आता नावाचा घोळ. युरोप-अमेरिकेत गाडीवाल्यांची मोठी भीती गंजाची नव्हती, बर्फाची होती. पाणी गोठलं की फुगतं आणि ब्लॉकला तडा जातो. म्हणून लोक पाण्यात मिथाइल अल्कोहोल टाकायचे. ते साधारण ६५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे इंजिन तापलं की उडून जायचं. मग १९२७ मध्ये अमेरिकेत प्रेस्टोन नावाने एथिलीन ग्लायकॉल विकायला आलं. त्याचा उत्कलनबिंदू १९७ अंश, म्हणजे उडून जायची भानगड नाही. पण नुसतं ग्लायकॉल जुनं झालं की त्यातून आम्ल तयार होतं आणि तेच धातू खातं. म्हणून त्यात गंजरोधक रसायनं मिसळायला लागले. डब्यावर नाव मात्र राहिलं अँटिफ्रीझ.

मी पोटासाठी कोड लिहितो. आमच्यात एखाद्या फंक्शनचं नाव चुकलं की पुढचा माणूस आत काय आहे ते न वाचता ते काढून टाकतो. इथे तेच झालं असं माझं मत आहे. विदर्भात पारा ४५ च्या वर जातो. इथे कोण कशाला अँटिफ्रीझ घेईल? बर्फाचं औषध नको म्हणून डबा नाकारला, आणि त्याच डब्यातलं गंजाचं औषधही गेलं. तसं पाहिलं तर गंजाच्या औषधाची गरज आपल्याला जास्त होती, कारण उष्णतेत ही सगळी रसायनं वेगाने चालतात. इंजिनाच्या ब्लॉकला बाजूला पत्र्याच्या गोल चकत्या ठोकलेल्या असतात, त्यांनाही इंग्रजीत फ्रीझ प्लग म्हणतात. त्यांचं खरं काम बर्फाशी नाहीच. ब्लॉक ओतताना आतली वाळू काढायला जी भोकं ठेवतात, ती बुजवायला त्या असतात. पातळ असल्यामुळे बऱ्याचदा गंज आधी त्यांनाच खातो. आपल्याकडे काही लोक त्यांना वेल्श प्लग म्हणतात, ते बरं आहे.

आणि आपल्याकडे गाड्या बदलल्या जात नव्हत्या, हेही लक्षात घ्या. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत फोर्ड आणि जनरल मोटर्स इथून गेले. उरल्या मुख्यतः कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, जिचं पुढे पद्मिनी झालं, आणि उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, मग मिळालेली गाडी वीस-तीस वर्षं वापरायची. मुंबईत पद्मिनी टॅक्सी तर ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. एवढी वर्षं त्यातल्या किती गाड्यांत हापशीचं पाणी गेलं असेल! उन्हाळ्यात डिकीत पाण्याची कॅन ठेवायची, गाडी तापली की ओतायचं. अडचण अशी की बंद असलेल्या जुन्या पाण्यातला ऑक्सिजन संपत आलेला असतो. तुम्ही ताजं पाणी ओतता तेव्हा ताजा ऑक्सिजन आणि ताजे क्षारही ओतता. काही जण गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायचे. त्याने इंजिन कधी नीट गरम होत नाही, पण गंज आणि गाळ होता तिथेच राहतो.

गोसीखुर्दच्या लोकांना हे समजावायला मला धरणच सोपं वाटतं. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते ज्याची पायाभरणी झाली, त्या वैनगंगेवरच्या धरणाला ३३ दारं आहेत. पावसाळ्यात "दारं उघडली" ही बातमी तुम्ही दरवर्षी ऐकता. पाण्यात उभ्या असलेल्या पोलादाला गंज जास्त कुठे लागतो? खोल पाण्यात नाही, तर जिथे पाणी वर-खाली होतं आणि हवा लागते, त्या रेषेवर. इंजिनातही तसंच. पाणी कमी असलं की आत हवा शिरते आणि गंज जोरात लागतो. फरक एवढाच की धरणाच्या दाराला रंग मारता येतो. इंजिनाच्या पोटात ब्रश जात नाही. म्हणून पाण्यालाच औषध द्यायचं, दुसरा इलाज नाही.

आता त्या पद्मिनीकडे येऊ. नुसतं पाणी लाल आहे म्हणून इंजिन गेलं असं होत नाही. ऑइलमध्ये पाणी किंवा पाण्यात ऑइल दिसलं तर गोष्ट वेगळी. हळदीबद्दल म्हणाल तर, रेडिएटर गळत असेल तर ती भेगेत जाऊन फुगते आणि गळती थोडा वेळ थांबते. रात्री भंडाऱ्याच्या रस्त्यावर अडकलात तर जरूर टाका, पण ती गंजावरचं औषध नाही. उलट आधीच चोंदलेल्या नळ्यांत आणखी भर.

गाडी पूर्ण थंड असताना झाकण उघडा. गरम असताना कधीच नाही, वाफेने तोंड भाजतं. खालून पाणी सोडा, ब्लॉकला नळ असेल तर तोही उघडा, कारण गाळ तिथेच बसतो. थर्मोस्टॅट काढून पाइपने उलट्या दिशेने पाणी मारा, स्वच्छ येईपर्यंत. गंज हट्टी असेल तर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, सौम्य प्रमाणात चालतं. पण पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. अ‍ॅसिड जास्त वेळ ठेवलं तर हेड खाईल. लवकर काढा आणि खळखळून धुवा. अ‍ॅम्बेसेडरला ही काळजी थोडी कमी, तिचं हेडही बिडाचं. पद्मिनीत दोन धातू आणि मध्ये क्षारांचं पाणी म्हणजे एक छोटी बॅटरीच, म्हणून कूलंटची गरज तिला जास्त.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर मला शिव्या द्याल. धुतल्यावर गाडी गळायला लागू शकते. भोक आधीच पडलेलं असतं, गंजाने ते बुजवून ठेवलेलं असतं. वेल्श प्लग आणि होजपाइपचा खर्च मनात धरूनच हात घाला.

मग थर्मोस्टॅट परत बसवा आणि बॅटरीत टाकतात त्या डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळून भरा, किंवा तयार मिश्रण आणा. डब्यातल्या रंगावर जाऊ नका, हिरवा-लाल हा काही नियम नाही. डाख दिलेल्या तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरला चालतं का, ते लेबलवर वाचा. दोन वर्षांनी बदला, कारण गंजरोधक वापरून संपतं, रंग मात्र तसाच दिसतो.

आणि काढलेलं जुनं कूलंट अंगणात किंवा बोडीत ओतू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री आणि गुरं ते चाटतात, आणि थोड्याशानेही त्यांची किडनी जाते. झाकणाच्या डब्यात भरून, वर नाव लिहून, लेकरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारा.