माकडांचं पांजरपोळ

मंडळी, अमेरिकेत लुइझियाना राज्यात 'चिंप हेवन' नावाची एक जागा आहे. प्रयोगशाळांतून सुटलेले चिंपांझी तिथे म्हातारपण काढतात. वाचल्याबरोबर मला आपलं पांजरपोळ आठवलं. मुंबईचं तर १८३४ पासूनचं! फरक एवढाच, की आपल्याकडे भाकड गाई जातात आणि तिकडे ज्यांना मुद्दाम कावीळ किंवा एचआयव्ही टोचला, ते.

अमेरिकेने त्यासाठी डिसेंबर २००० मध्ये कायदाच केला. पहिले चिंपांझी २००५ साली तिथे पोचले, आणि २०१५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपले सगळेच चिंपांझी निवृत्त करायचं ठरवलं. टोळीने राहायचं, झाडावर चढायचं, बस्स. बिचाऱ्या हॅमच्या नशिबी हे नव्हतं. जानेवारी १९६१ मध्ये, गागारिनच्याही आधी, अंतराळात जाऊन आलेला चिंपांझी तो. पुढची सतरा वर्षं वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात एकट्याने काढली त्याने.

आता तुम्ही म्हणाल, चिंपांझींशी आपला काय संबंध? खरंय. आपल्याकडे चिंपांझी नाहीत, लालतोंडी माकडं आहेत. आणि ती आपण विकली. पोलिओची लस माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवत. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस वर्षाला एक लाखाहून जास्त माकडं भारतातून परदेशी जात होती. १९५५ साली लंडनच्या विमानतळावर शेकडो माकडं गुदमरून मेली, तेव्हा सरकारने निर्यात थांबवली. पण थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू! अट घातली, की लस आणि वैद्यकीय संशोधन सोडून दुसरा वापर नको. अमेरिकेच्या लष्कराने किरणोत्सर्गाच्या प्रयोगांसाठी ती वापरल्याचं उघड झालं आणि मोरारजींच्या सरकारने १ एप्रिल १९७८ पासून निर्यात साफ बंद केली. मोरारजींची टिंगल आपण पुष्कळ केली, पण या एका निर्णयासाठी माझा त्यांना नमस्कार. गेलेल्या माकडांना अर्थात त्याचा उपयोग नव्हता. मूत्रपिंडं काढल्यावर कसली निवृत्ती?

आमच्या औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर, पण जीभ ऐकत नाही) पाहुणे आले की अजिंठा दाखवावाच लागतो. तिथे सतराव्या लेण्यात महाकपी जातक रंगवलंय. वानरांचा राजा स्वतःच्या अंगाचा पूल करतो, सगळी टोळी त्याच्या पाठीवरून पार होते आणि तो मोडून पडतो. मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. काशीचा राजा त्याला अलगद खाली उतरवून घेतो, त्याची शुश्रूषा करतो. पूल वापरून झाला, आता चला, असं नाही म्हणत.

२०२० साली कोव्हॅक्सिनची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वीस लालतोंडी माकडांवर केली. लशीची गरज होती, नाही कोण म्हणतंय? मीही दोन्ही डोस घेतलेत. आपल्याकडे २००६ पासून नियमच आहे, की प्रयोगानंतर जनावराची देखभाल आणि पुनर्वसन संशोधकाची जबाबदारी, आणि तो खर्च संशोधनाच्याच खर्चात धरायचा. नियम वाचून बरं वाटलं. पण नियमाने खर्च धरला, तरी प्रयोगातून सुटलेल्या माकडाने जायचं कुठे? गाईला पांजरपोळ आहे. तुमच्या गावाकडे माकडांसाठी असं काही असेल तर जरूर कळवा.