खासगी आणि दौलत

गेल्या वर्षी आमच्या शाखेतील एक सहकारी अकस्मात निवर्तले. कुटुंबनिवृत्तिवेतनाचे कागद भरण्यासाठी त्यांच्या पत्नी कचेरीत आल्या. बावीस वर्षे बदल्यांची धावपळ सोसून या बाईंनी एका पगारात संसार नेटका केला होता. डाळीचा भाव, दुधाचा रतीब, मुलांची फी, सारे त्यांना तोंडपाठ. परंतु पतीचा भविष्यनिर्वाह निधी किती, विमा कोणता, खाते कोणत्या बँकेत, यांतले त्यांना काहीच ठाऊक नव्हते. आम्ही बोट दाखवावे तेथे त्या सही करीत होत्या. खर्च सारा त्यांच्या हातून झाला, पण पैशाची माहिती त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलीच नव्हती. तेव्हापासून होळकरशाहीतील एका जुन्या व्यवस्थेची मला वारंवार आठवण होते.

स्त्रीधनाची कल्पना आपल्याकडे प्राचीन आहे. मनुस्मृतीने त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. मात्र दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी किंवा बंदिवास अशा प्रसंगी पतीने ते घेतले, तर परत करण्याचे बंधन याज्ञवल्क्याने त्याच्यावर ठेवले नाही. शिवाय व्यवहारात स्त्रीधन म्हणजे बहुधा पेटीतले दागिने. दरसालचे उत्पन्न नव्हे.

होळकरांची ‘खासगी’ याहून निराळी. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना १७३४ साली पेशव्यांकडून ही जहागीर मिळाली. महेश्वरासारखी माळव्यातील ठिकाणे आणि दक्षिणेतील काही गावे तीत होती. राज्याचा व फौजेचा खर्च ज्या उत्पन्नातून चाले ती ‘दौलत’. राजस्त्रीच्या स्वाधीन असलेले उत्पन्न ती ‘खासगी’. दोहोंचा हिशेब वेगळा. १७६१ मध्ये गौतमाबाई वारल्यावर ही खासगी त्यांच्या सूनबाई अहिल्याबाई यांच्याकडे आली.

अहिल्याबाईंवर दुःखे एकामागून एक कोसळली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ मध्ये सासरे गेले, १७६७ मध्ये पुत्र मालेराव गेला. परंतु राज्य हाती आले तेव्हा त्या कारभारास नवख्या नव्हत्या. मल्हाररावांनी मोहिमांवर असताना रसद, तोफखाना व पैसा यांची जबाबदारी त्यांच्यावर टाकली होती. काशीविश्वनाथाचे १७८० मधील मंदिर आणि देशभरचे घाट, धर्मशाळा पाहून आपण त्यांना पुण्यश्लोक म्हणतो, ते यथार्थच आहे. पण या दानधर्माचा भार दौलतीवर न टाकता त्यांनी तो खासगीतून उचलला, हे आपण विसरतो. फौजेचे सेनापती तुकोजी होळकर यांच्याशी पैशावरून त्यांचे खटके उडत. दानात त्यांचा हात सढळ होता, पण हिशेबात तो कधी सैल सुटला नाही.

माल्कमने आपल्या मध्य हिंदुस्थानविषयीच्या ग्रंथात एक प्रसंग नोंदविला आहे. इंदुरातील एक श्रीमंत सावकार निपुत्रिक वारला. काही मतलबी मंडळींच्या सांगण्यावरून तुकोजींनी त्याच्या संपत्तीत वाटा मागितला. सावकाराची विधवा महेश्वरास धावली. अहिल्याबाईंनी तिचे म्हणणे ऐकून घेतले आणि वस्त्रे देऊन घर व मालमत्ता यांची एकमेव स्वामिनी म्हणून तिला मान्यता दिली. तुकोजींना इंदुरापासून तळ हलविण्याचा हुकूम गेला. आपल्या नावाचे द्रव्य स्वतः सांभाळणाऱ्या स्त्रीस दुसरीच्या मालकीचा अर्थ सांगावा लागला नाही.

अर्थात खासगी हे राजघराण्याचे भाग्य होते. माळव्यातील कुळवाड्याच्या बायकोस तिचा काय उपयोग? सामान्य हिंदू स्त्रीस फार काळ वाट पाहावी लागली. १९३७ च्या कायद्याने विधवेस पतीच्या मालमत्तेत हक्क मिळाला, परंतु तो हयातीपुरता. १९५६ च्या वारसा कायद्याने तिची मालकी पूर्ण केली. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीस जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, आणि २००५ मध्ये तो साऱ्या देशात लागू झाला.

एवढे होऊनही आमच्या सहकाऱ्याच्या पत्नीस खाते कोठे आहे हे ठाऊक नसावे! बदलीच्या नोकरीत माहेर-सासर दूर असते, भाषा परकी असते. अशा वेळी हे अज्ञान अधिकच महाग पडते. ‘घरचा सारा कारभार तिच्याच हाती आहे’ असे आपण कौतुकाने सांगतो. पण तो कारभार बहुधा दौलतीचा असतो, खासगीचा नव्हे.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी निधीचे, विम्याचे व बँकेचे कागद पत्नीपुढे ठेवले. तिने ते दोन संध्याकाळी वाचले आणि तिसऱ्या दिवशी विचारले, “वारस म्हणून अजून सासूबाईंचेच नाव कसे?” विवाहास अकरा वर्षे झाली होती. रोज दुसऱ्यांचे अर्ज तपासणाऱ्या मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी अर्ज भरला. महिन्याकाठी एक ठरावीक रक्कम आता तिच्या स्वतंत्र खात्यात जाते. तिचा हिशेब मी विचारीत नाही. घराचा हिशेब मात्र ती मला विचारते.