चौकटीच्या कडेचा अंधार

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमधली घड्याळं एक तास मागे जातात आणि संध्याकाळी पाचच्या आत काळोख पडतो. त्या आठवड्यात आमच्या ससेक्समधल्या घरात जॅक क्लेटनचा ‘द इनोसंट्स’ लागतो. १९६१चा, कृष्णधवल. पुण्यात असताना मी प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करायचे, म्हणून हा सिनेमा मी दरवर्षी दिव्यांच्या बाजूनं पाहते.

गोष्ट तशी थोडक्यात सांगता येते. आडबाजूचा मोठा वाडा, पोरकी भावंडं, त्यांना सांभाळायला आलेली तरुण शिक्षिका. वाड्यातला जुना नोकर आणि आधीची शिक्षिका मेलेली आहेत, तरी हिला ती दिसतात. मुलांना दिसतात का, हे शेवटपर्यंत कळत नाही. ही गोष्ट हेन्री जेम्सनं जानेवारी १८९५मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडवर्ड बेन्सन यांच्या तोंडून ऐकली, तीही अर्धीमुर्धी. तेवढी त्यानं वहीत टिपून ठेवली. पुढे मनगट दुखत असल्यानं टंकलेखकाला मजकूर सांगत त्यानं ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ पुरी केली आणि १८९८मध्ये ती ‘कॉलिअर्स वीकली’त क्रमशः छापून आली. तिची सुरुवात नाताळच्या आदल्या रात्री शेकोटीभोवती होते, कारण भुताच्या गोष्टी नाताळातच सांगायच्या ही इंग्रजांची जुनी रीत. माझ्या मते मात्र हा सिनेमा पानगळीचाच आहे.

१९५०मध्ये विल्यम आर्चिबाल्डनं जेम्सच्या गोष्टीचं नाटक केलं. सिनेमाचं नाव त्या नाटकावरूनच आलं. नाटकात भुतं खरीच होती. क्लेटनला ते मान्य नव्हतं. भुतं खरी की शिक्षिकेच्या मनातली, हा संशय त्याला परत हवा होता, म्हणून पटकथेवर त्यानं ट्रुमन कपोटीला बसवलं. बालकलाकारांनाही त्यानं सगळी गोष्ट कळू दिली नाही.

खरी अडचण पडद्याची होती. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा आग्रह सिनेमास्कोपचा, म्हणजे आडव्या, लांबलचक चौकटीचा. क्लेटनला ती नको होती. एका घाबरलेल्या बाईच्या चेहऱ्याशेजारी एवढी मोकळी जागा ठेवून करायचं काय? छायालेखक फ्रेडी फ्रान्सिसनं त्यावर तोड काढली. त्यानं खास हातानं रंगवलेले फिल्टर करून घेतले. मधला भाग स्वच्छ, दोन्ही कडांकडे काळोख दाटत जाणारा. त्यामुळे शिक्षिका झालेली डेबोरा कर मेणबत्ती घेऊन जिन्यावरून चालते तेव्हा आपली नजर तिच्यावर खिळते, पण मन कडेच्या अंधारात काहीतरी शोधत राहतं. त्या मेणबत्त्याही साध्या नव्हत्या. उजेड वाढावा म्हणून एकेका मेणबत्तीत चार-पाच वाती पिळून घातलेल्या होत्या. जवळचं आणि दूरचं दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसायचं तर सेटवर दिवे प्रचंड लागतात. म्हणजे पडद्यावरचा तो गडद काळोख शेपर्टन स्टुडिओत डोळे दिपवणाऱ्या उजेडात तयार झाला! रंगमंचावर अंधार करायचा म्हणजे दिवे उतरवायचे, एवढंच आम्ही शिकलो होतो. अंधारही प्रकाशानंच रचावा लागतो, हे मला फ्रान्सिसनं शिकवलं.

वाड्याचं बाहेरचं चित्रीकरण इथून जवळच, शेफील्ड पार्कला झालं. तिथली बाग १९५४पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. तळ्याकाठची झाडं ऑक्टोबरात लाल-पिवळी पेटतात आणि त्यांची प्रतिबिंबं पाहायला माणसांची रीघ लागते. सिनेमात मिस जेसेल, म्हणजे ती मेलेली आधीची शिक्षिका, दिसते ती तळ्याच्या पलीकडे, लव्हाळ्यात, भर दिवसा. काळ्या कपड्यांतली बाई नुसती उभी आहे. ती काहीच करत नाही. सगळ्या सिनेमात मला सर्वांत जास्त भीती याच प्रसंगाची वाटते. पुढे अभ्यासाच्या खोलीत ती रडताना दिसते, नाहीशी होते, आणि मागे अश्रूचा एक ओला थेंब उरतो. सगळे भास असतील तर तो थेंब कुणाचा? मी अजून ठरवू शकलेले नाही.

आवाजाचीही तीच तऱ्हा. सुरुवातीला पडदा नुसता काळा असतो आणि एका मुलीचं गाणं ऐकू येतं. प्रत्यक्षात तो आवाज गायिका आयला कॅमेरॉनचा. गाणं बराच वेळ चालतं, कंपनीचं बोधचिन्ह त्यानंतर येतं. मधले विचित्र इलेक्ट्रॉनिक नाद डॅफ्नी ओरम या बाईंनी केले, पण श्रेयनामावलीत त्यांचं नाव नाही. ते असायला हवं होतं.

पाहणार असाल तर एक विनंती. टीव्हीच्या जुन्या चौकोनी पडद्यात बसावी म्हणून दोन्ही बाजूंनी कापलेली प्रत घेऊ नका. फ्रान्सिसनं रंगवलेला काळोख त्या कडांवरच आहे. पूर्ण रुंदीची प्रत मिळवा, खोलीतले सगळे दिवे बंद करा, आणि गाणं सुरू झालं की पडदा काळा का, म्हणून रिमोट उचलू नका.