नळीतला सा

भोपाळला पिपलानीत आमचं क्वार्टर होतं. गणेशोत्सवात पोरांनी काहीतरी वाजवायचं ठरलं, पण वाद्यं आणायला पैसे कुठले? बाबा कबाड्याकडून लोखंडी नळ्या घेऊन आले आणि मैहरची गोष्ट सांगितली. १९१८च्या साथीनंतर उस्ताद अलाउद्दीन खाँसाहेबांनी तिथल्या अनाथ मुलांना जमवून बँड उभा केला. जुन्या बंदुकांच्या नळ्या कापून नलतरंग बनवला. ज्यांतून गोळ्या सुटायच्या, त्यांतून सूर निघाले.

आमचं हॅक्सॉ चालू झालं. वरचा सा हवा म्हणून मी एक नळी बरोब्बर निम्मी कापली, तर सूर दोन सप्तकं वर! टांगलेल्या नळीची लांबी त्यासाठी साधारण सत्तर टक्के ठेवावी लागते, हे नंतर समजलं. नळी वाया गेली म्हणून मी रडवेला. बाबा एवढंच म्हणाले, "असू दे, तिचाही सूर आहे. जुळत नाही म्हणून कुणाला टाकायचं नाही."

बाबा स्वतः लहानपणीच पोरके झालेले, मामांकडे वाढलेले. त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

आरतीला ती तोकडी नळी घंटेसारखी वाजली. बाबा आता नाहीत. नळी आमच्या देवघरात आहे.

तुमच्या घरी असं काय वाजायचं?